रियासतकार सरदेसाई : बडोद्यात घडलेला इतिहासकार

(शाळेच्या हीरकमहोत्सवानिमित्त पालक व माजी विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



मराठ्यांचा इतिहास म्हटला की रायगड, सातारा, पुणे ही नावे आपोआप ओठांवर येतात. परंतु हा इतिहास आरंभापासून १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा होईपर्यंत सलगपणे, मराठी भाषेत, सामान्य वाचकाला हाती धरून सांगण्याचे कार्य ज्या ग्रंथाने केले, त्याची पायाभरणी यांपैकी कोणत्याही गावी झालेली नाही. ती झाली या बडोदे नगरीत, आणि तीही राजवाड्यातील मुलांना इतिहास शिकवता शिकवता. त्या ग्रंथाचे नाव ‘मराठी रियासत’ आणि ग्रंथकर्ते गोविंद सखाराम सरदेसाई. ‘रियासतकार’ हेच पुढे त्यांचे नाव झाले. ग्रंथाचे नाव ग्रंथकाराच्या आडनावाच्याही पुढे जाऊन बसावे, असे भाग्य मराठीत फार थोड्यांच्या वाट्याला आले आहे.

मराठी माध्यमाच्या, आणि त्यातही गुजरातेत वसलेल्या शाळेच्या उत्सवात या पुरुषाचे स्मरण करण्याचे कारण केवळ स्थानिक अभिमानाचे नाही. अभिमान वाटावा हे ठीकच. पण सरदेसायांच्या चरित्रात एक प्रश्न आहे आणि तो आजही शिळा झालेला नाही. पंडितांसाठी लिहिलेला इतिहास आणि घरोघर वाचला जाणारा इतिहास ही दोन वेगळी कुळे आहेत काय? जो लोकांना आवडतो तो इतिहास खरा असू शकतो काय? सरदेसायांना हा प्रश्न आयुष्यभर, आणि बहुधा नापसंतीच्या सुरात, विचारला गेला. त्याचे उत्तर त्यांनी वादविवादाने क्वचितच दिले. दिले ते लिहून, आणि लिहिलेले पुन्हा लिहून.

सरदेसायांचा जन्म १७ मे १८६५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल या खेड्यात झाला. कोकणातील सामान्य स्थितीच्या घरातील हुशार मुलाचा जो मार्ग त्या काळी असे, तोच त्यांचाही होता : रत्नागिरीची इंग्रजी शाळा, मग पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय, मग मुंबईचे एल्फिन्स्टन, आणि १८८८ मध्ये बी.ए. त्यानंतर सरकारी कचेरी किंवा शाळामास्तरकी एवढ्याच दोन वाटा बहुतेकांसमोर असत. सरदेसाई १८८९ मध्ये तिसऱ्याच वाटेने बडोद्यास आले. श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांचे ‘रीडर’, म्हणजे त्यांना ग्रंथ वाचून दाखविणारे, म्हणून त्यांची नेमणूक झाली.

हे पद आज विचित्र वाटेल. त्या दरबारात मात्र ते शोभेचे नव्हते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा शेतकऱ्याचा मुलगा वयाच्या बाराव्या वर्षी दत्तक येऊन बडोद्याच्या गादीवर बसला, आणि उशिरा सुरू झालेल्या शिक्षणाची तूट भरून काढण्यासाठी जन्मभर वाचीत राहिला. महाराजांचे वाचन सपाटून चाले, आणि वाचलेले राज्यकारभारात उतरविण्याची त्यांना घाई असे. सरदेसायांना त्यांनी नुसते वाचक ठेवले नाही; लिहितेही केले. मॅकियाव्हेलीच्या राजनीतिविषयक ग्रंथाचे आणि सीली या इंग्रज इतिहासकाराच्या साम्राज्यविस्तारावरील ग्रंथाचे मराठी रूपांतर त्यांनी या पहिल्या चार-पाच वर्षांतच केले. इंग्रजांचे राज्य पृथ्वीभर कसे पसरले हे मराठीत लिहिताना, मराठ्यांचे राज्य कसे पसरले आणि का आटपले हा प्रश्न तरुण लेखकाच्या मनात आला नसेल असे म्हणणे कठीण आहे.

पुढे राजपुत्रांच्या व राजकन्येच्या शिक्षणाची जबाबदारी त्यांच्यावर आली, आणि येथेच खरी गोष्ट सुरू होते. मुलांना हिंदुस्थानचा इतिहास शिकवावयाचा, पण कोणत्या पुस्तकातून? मराठ्यांच्या इतिहासापुरते पाहिले तर प्रमाणग्रंथ होता तो ग्रँट डफचा, १८२६ मधला, आणि तो इंग्रजीत. त्याचे मराठी भाषांतर ‘मराठ्यांची बखर’ या नावाने झाले होते खरे, पण साताऱ्यास रेसिडेंट म्हणून राहिलेल्या परकीय अधिकाऱ्याच्या दृष्टीतून आपला इतिहास पाहण्याची ती सोय होती. डफविषयी अनादर बाळगण्याचे कारण नाही. त्याने कागद जमविले आणि मेहनत केली. तरी मुलांना समोर बसवून त्यांचाच इतिहास दुसऱ्याच्या शब्दांत सांगणे हे कोणत्याही शिक्षकाला बोचल्याखेरीज राहणार नाही. सरदेसायांनी टिपणे काढावयास आरंभ केला. धड्यासाठी केलेली ती टिपणे वाढत गेली, आणि १८९८ मध्ये त्यांतून ‘मुसलमानी रियासत’ हे पुस्तक बाहेर पडले. ‘मराठी रियासती’चा पहिला भाग १९०२ मध्ये आला. ‘ब्रिटिश रियासत’ही मागाहून आली. हिंदुस्थानातील तीन राजवटींचा इतिहास तीन रियासतींत सांगावयाचा अशी ती योजना होती.

वर्गासाठी केलेल्या टिपणांतून ग्रंथ उभा राहिला, ही गोष्ट शाळेच्या सभागृहात थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. शिक्षकासमोर जो श्रोता असतो तो कोणतीही गोष्ट गृहीत धरू देत नाही. ‘चौथाई म्हणजे काय?’ असे तो विचारतो. ‘हा दाभाडे कोण, आणि बाजीराव त्याच्यावर का चालून गेला?’ असेही विचारतो. त्याला वंशावळ हवी असते, तारीख हवी असते, नकाशा हवा असतो, आणि हे सारे मिळाल्यावर गोष्टही हवी असते. रियासतीची मांडणी पाहिली तर या प्रश्नकर्त्या श्रोत्याची सावली पानोपानी दिसते. घराण्यांच्या वंशावळी आहेत, मित्या आणि इसवी सनाच्या तारखा आहेत. आणि मधूनमधून मूळ पत्रेच्या पत्रे निवेदनात घातलेली आहेत. पेशवा काय म्हणाला हे ग्रंथकार आपल्या शब्दांत सांगून मोकळा होत नाही. पेशव्याचे पत्रच वाचकाच्या हाती देतो. वाचनाचा ओघ त्यामुळे कधी कधी तुटतो, ही तक्रार रास्त आहे. पण ज्या वाचकाने उभ्या आयुष्यात मोडी कागद पाहिलेला नाही, त्याला पुराव्याच्या इतक्या जवळ नेऊन उभे करणारा दुसरा लोकप्रिय ग्रंथ त्या काळी नव्हता.

त्या काळाचे चित्रही लक्षात घ्यावयास हवे. १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ निघाले आणि जुने कागद छापण्याची चळवळ सुरू झाली. १८९८ मध्ये विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड छापला. वासुदेवशास्त्री खरे मिरजेत पटवर्धनी दप्तर उकलीत होते. पारसनीस साताऱ्यास संग्रह करीत होते. १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. गावोगावच्या वाड्यांतील माळ्यांवरून, देवघरांतून, कधी वाण्याच्या दुकानातील रद्दीतून कागद सोडविण्याचे ते पर्व होते. त्या मंडळींचा त्याग असा होता की त्यापुढे नतमस्तकच व्हावे. पण साधनांचे खंड वाचणार कोण? अभ्यासकाशिवाय कोणी नाही. साधने पुरती हाती आल्याशिवाय इतिहास लिहूच नये, असा कडक पक्षही त्यांच्यात होता. सरदेसाई या पक्षाचे नव्हते. जे आज उपलब्ध आहे त्यावरून आज लिहावे, उद्या नवे मिळाले की उद्या दुरुस्त करावे, आणि वाचकाला मात्र ताटकळत ठेवू नये, ही त्यांची रीत.

अशा रीतीने लिहिणाऱ्यावर ‘संकलक’ असा शिक्का बसतो, आणि तो सरदेसायांवर बसला. कागद शोधणारे वेगळे, आणि शोधलेल्या कागदांवर पुस्तके लिहून नाव मिळविणारे हे वेगळे, अशी पुण्यातील संशोधकवर्तुळातील भावना होती. तिच्यात तथ्यांश नव्हता असे नाही. रियासतीचे पहिले भाग इतरांनी छापलेल्या साधनांवर मोठ्या प्रमाणात उभे आहेत. शिवाय ग्रंथकार पुण्यात नव्हता. बडोद्यात, एका संस्थानिकाच्या नोकरीत होता. महाराजांबरोबर युरोपच्या प्रवासास जावे लागे, दरबारची कामे असत, आणि यांतून उरलेल्या वेळात हे लेखन चाले. पुण्याबाहेर राहण्याचा तोटा उघड आहे : रोजच्या चर्चेत भाग नाही, नवा कागद सापडल्याची वार्ता उशिरा पोहोचणार. लाभ मात्र सहसा ध्यानात येत नाही. सातारकर, पेशवे, भोसले, शिंदे, होळकर, पटवर्धन अशी घराण्याघराण्यांची आणि गावागावांची जी बाजू घेतली जाई, तिच्यापासून थोडे अंतर राहिले. गायकवाडांच्या नगरात बसून पेशव्यांचा इतिहास लिहिणाऱ्याला, पेशव्यांकडे पाहण्याची एकापेक्षा अधिक ठिकाणे असतात हे कोणी सांगावे लागत नव्हते. दमाजी गायकवाड आणि पेशवे यांच्यातील झगड्याचा वृत्तांत पुण्यात जसा वाचला जाईल तसा तो बडोद्यात वाचला जाणार नाही, हे त्यांना रोजच्या वावरातून ठाऊक असणार.

तरीही सरदेसायांच्या लोकप्रियतेचे खरे मोल त्यांच्या पुनर्लेखनात आहे. १९०२ ते १९३२ अशी तीस वर्षे मराठी रियासतीचे काम चालले. पूर्व, मध्य आणि उत्तर अशा विभागांत आठ खंड झाले. मध्यंतरी साधनांचे ढीग वाढत होते. उत्तर विभाग पुरा होतो न होतो तोच त्यांनी मागे वळून शिवकाल पुन्हा हाती घेतला. साहजिक मोह असा असतो, की पुस्तक खपते आहे, वाचक संतुष्ट आहे, तर जुनी आवृत्तीच पुन्हा छापावी. सत्तरीच्या घरातील लेखकाने जुना मजकूर बाजूला सारून शहाजी, शिवाजी, संभाजी, राजाराम ही चरित्रे नव्याने लिहावयास घेतली. ‘शककर्ता शिवाजी’ हा १९३५ मधील ग्रंथ त्यांपैकीच. जो इतिहास दहा विद्वान वाचतात, त्यातील चूक दहाजणांपुरती राहते आणि अकरावा विद्वान ती काढतो. जो इतिहास हजारो घरांत वाचला जातो, त्यातील चूक मुलांच्या तोंडी बसते आणि पिढ्यानुपिढ्या हलत नाही. तेव्हा दुरुस्तीचे ओझे पंडितापेक्षा लोकप्रिय लेखकावर अधिक असते, आणि सरदेसायांनी ते ओझे उचलले. आजकाल इतिहासाच्या नावाखाली भ्रमणध्वनीवर जे काही सकाळ-संध्याकाळ येऊन पडते, त्यातील किती मजकूर पाठविणाऱ्याने कधी दुरुस्त करून पुन्हा पाठविला आहे, याचा विचार पालकांनी आपल्याशीच करावा.

दुरुस्ती करूनही काही निर्णय चुकतातच. संभाजी महाराजांवरील खंडाला सरदेसायांनी ‘उग्रप्रकृति संभाजी’ असे नाव दिले. निकाल शीर्षकातच लागला होता! बखरींनी उभे केलेले चित्र त्या नावामागे आहे. पुढे वा. सी. बेंद्रे यांचा संभाजीचरित्राचा ग्रंथ १९६० मध्ये आणि डॉ. कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ १९७१ मध्ये आला, आणि समकालीन कागदांच्या आधारे ते चित्र पुष्कळच पालटले. नऊ वर्षे चहूकडच्या शत्रूंशी झुंजणाऱ्या राजाला एका विशेषणात बसविणे अन्यायाचे होते, असे आज स्पष्ट म्हटले पाहिजे. व्यक्तीला विशेषण लावून वाचकाच्या स्मरणात ठेवणे ही लोकप्रिय इतिहासलेखनाची सोय आहे, आणि तोच त्याचा धोकाही आहे.

१९२५ मध्ये सरदेसाई बडोद्याच्या सेवेतून निवृत्त झाले. छत्तीस वर्षे येथे गेली होती. निवृत्तीनंतर त्यांनी पुणे निवडले नाही. लोणावळ्याजवळ इंद्रायणीकाठी कामशेत या लहान गावी घर केले. त्याच सुमारास त्यांच्यावर घोर आघात झाला. मुलगा श्यामकांत, जो शांतिनिकेतनात शिकला आणि पुढील अभ्यासासाठी जर्मनीस गेला होता, तो तेथेच मरण पावला. श्यामकांताची पत्रे वडिलांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केली. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रे वाचून, लावून, तारखा ठरवून छापली, त्याने तीच शिस्त आपल्या गेलेल्या मुलाच्या पत्रांना लावली. याहून अधिक त्याबद्दल काही बोलू नये.

साठी उलटलेला, मुलगा गमावलेला, पेन्शनीत निघालेला गृहस्थ. कोणीही म्हटले असते की आता नामस्मरण करावे. सरदेसायांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे संशोधनाचे काम यानंतर सुरू झाले.

पुण्यातील पेशवे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात जाऊन शंभरावर वर्षे झाली होती. इनाम आणि वतने यांच्या चौकशीसाठी सरकारला त्या कागदांचा उपयोग होता, म्हणून ते एलिएनेशन ऑफिसच्या इमारतीत जपून ठेवलेले होते. पण अभ्यासकांना तेथे मुक्त प्रवेश नव्हता. कागद कापडात बांधून ठेवलेले. त्या एकेका गाठोड्याला ‘रुमाल’ म्हणतात, आणि असे हजारो रुमाल. लिपी मोडी. मोडी वेगाने लिहिण्यासाठी घडलेली, लेखणी शक्यतो न उचलता शब्दाला शब्द जोडीत जाणारी. एकेका कारकुनाचे वळण वेगळे, नावे संक्षिप्त, आणि पुष्कळ पत्रांवर वर्षच नाही. नुसते महिना आणि चंद्र. ते पत्र कोणत्या सालचे हे आतील मजकुरावरून ओळखावयाचे. मुंबई सरकारने १९२९ मध्ये या दप्तरातून निवडक कागद प्रसिद्ध करण्याचे ठरविले, तेव्हा ते काम सरदेसायांकडे आले. त्यामागे सर जदुनाथ सरकार यांचा आग्रह होता. पुण्यात यावर नाराजी उमटली. आमच्या दारातले दप्तर, आणि त्याची किल्ली बडोद्याहून आलेल्या माणसाच्या हाती, तीही एका बंगाल्याच्या शिफारशीने, हे अनेकांना रुचण्यासारखे नव्हते. वर्षानुवर्षे ज्यांना दार बंद राहिले त्यांचा संताप समजण्यासारखा आहे. सरदेसाई आपल्या साहाय्यकांसह दप्तरात बसले, आणि १९३० ते १९३४ या अल्पकाळात ‘सिलेक्शन्स फ्रॉम द पेशवा दफ्तर’ या नावाने पंचेचाळीस खंड बाहेर पडले. निवड घाईची झाली, मांडणी अधिक चांगली होऊ शकली असती, असे आक्षेप घेतले गेले. तरी अठराव्या शतकावर लिहू पाहणाऱ्या कोणालाही या खंडांना वळसा घालून पुढे जाता आलेले नाही. इतरांच्या साधनांवर लिहिणारा म्हणून ज्यांना हिणवले, त्यांनी इतरांसाठी पंचेचाळीस खंडांची साधने मोकळी केली. नियतीला विनोदबुद्धी असावी.

जदुनाथ सरकारांशी त्यांचे जे सख्य होते त्याबद्दल बोलल्याशिवाय हे चरित्र पुरे होत नाही. १९०४ मध्ये पत्राने ओळख झाली. औरंगजेबाच्या इतिहासाचे काम जदुनाथांनी हाती घेतले होते आणि त्यांना मराठी साधने हवी होती. सरदेसायांना फारसी साधनांतील माहिती हवी होती. एक बंगाली, एक मराठी, पत्रव्यवहार इंग्रजीत. तो पन्नासांहून अधिक वर्षे चालला. दोघांनी मिळून पुण्याच्या रेसिडेंटांचा पत्रव्यवहार संपादिला. त्यातील मॅलेट आणि पामर या रेसिडेंटांच्या काळातील पुण्याच्या घडामोडींचे खंड सरदेसायांचे आहेत. माळव्यातील सीतामऊचे राजपुत्र डॉ. रघुबीरसिंह हे या मैत्रीतील तिसरे. बंगाली, मराठी आणि राजपूत असे तिघे अभ्यासक एकमेकांना कागद पाठवीत आहेत, शंका विचारीत आहेत, असे चित्र त्या काळाच्या प्रांताभिमानाच्या गदारोळात दुर्मिळच म्हटले पाहिजे.

या मैत्रीत हाजी-हाजी नव्हती. पानिपतच्या प्रश्नावर दोघांचे छापील मत एकमेकांविरुद्ध आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर एक पिढी कापली गेली, यात दुमत नाही. पण त्याने मराठी सत्तेचा कणा मोडला काय? सरदेसायांचे उत्तर नकारार्थी होते. मनुष्यहानी भयंकर झाली, तरी राजकीय निकाल त्या दिवशी लागला नाही. दहा-अकरा वर्षांतच, १७७२ च्या आरंभी, मराठ्यांनी बादशहा शाह आलमला दिल्लीच्या तख्तावर आणून बसविले. आणि त्या रणातून जीव वाचवून आलेल्या दोघा तरुणांनी, नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांनी, पुढला इतिहास घडविला. जदुनाथांना हे पटले नाही. पानिपताचे परिणाम मराठी लेखक हलके करून सांगतात, असे त्यांनी मोगल साम्राज्याच्या ऱ्हासावरील आपल्या ग्रंथात स्पष्टपणे मांडले. बाळाजी बाजीरावाचा अंत, पेशव्यांच्या घरात सुरू झालेला कलह आणि इंग्रजांना मिळालेली उसंत ही सर्व त्यांच्या मते त्या एका दिवसाची फळे.

कोणाची बाजू बरोबर? येथे न्याय देण्याचे धाडस नको. पण वर्गात हा प्रश्न ठेवून पाहावा. मुले चटकन सरदेसायांच्या बाजूने होतात, कारण ती बाजू मनाला उभारी देते. मग त्यांना विचारावे की १७७२ ची दिल्ली खरी, पण माधवराव त्याच वर्षी नोव्हेंबरात गेला, आणि १७७३ मध्ये नारायणरावाचा खून झाला, त्याचे काय? वर्ग गप्प होतो, मग बोलू लागतो. दोन मित्रांनी मैत्री न सोडता एवढ्या मोठ्या प्रश्नावर भिन्न मत बाळगले, ही गोष्ट त्या वर्गाला पानिपताइतकीच सांगण्यासारखी आहे.

मराठीत सर्वस्व ओतलेल्या या लेखकाने अखेरीस इंग्रजीतही लिहिले. १९२६ मध्ये पाटणा विद्यापीठातील त्यांची व्याख्याने ‘मेन करंट्स ऑफ मराठा हिस्टरी’ या नावाने प्रसिद्ध झाली होती. १९४६ ते १९४८ या काळात, वयाची ऐंशी वर्षे ओलांडल्यावर, त्यांनी ‘न्यू हिस्टरी ऑफ द मराठाज’ हा तीन खंडांचा ग्रंथ पुरा केला. रियासत मराठीबाहेर वाचली जात नव्हती. बंगालमध्ये बारगीरांच्या स्वाऱ्यांच्या आठवणीतून, राजस्थानात खंडणीच्या आठवणीतून मराठ्यांकडे पाहिले जात होते. त्या वाचकांसमोर सारा पट ठेवावयाचा तर त्यांना समजेल ती भाषा घ्यावी लागली. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला याची गरज अधिक कळते. शेजारच्या गुजराती घरात सुरतेच्या लुटीची आठवण वेगळी असते, हे येथील प्रत्येक विद्यार्थ्याने मैदानावर कधी ना कधी ऐकलेले असते. त्याला उत्तर रागाने द्यावयाचे की पुराव्याने, हे त्याला घरी आणि शाळेत काय वाचावयास मिळते त्यावर ठरते.

रियासतीत जे नाही तेही सांगितले पाहिजे. स्वाऱ्या, तह, गादीचे वाद, कारस्थाने यांनी ती भरलेली आहे. कुणबी कसा जगला, दुष्काळात काय झाले, बलुतेदारांचे काय होते, स्त्रियांच्या वाट्याला काय आले, याविषयी आठ खंडांत फारच त्रोटक उल्लेख आढळतात. ज्या दप्तरांवर ती उभी आहे त्यांत गावचा हिशेब, वसुली आणि तंटे यांचे कागद विपुल होते. पण राजकीय पत्रे आधी उचलली गेली. पुढल्या अभ्यासकांनी त्या हिशेबांतून वेगळा इतिहास काढला. सरदेसायांचा काळ राजवटींचा इतिहास लिहिण्याचा होता, आणि ते त्या काळाचे लेखक होते.

१९५१ मध्ये पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. ही सन्मान्य पदवी दिली. एकेकाळी ज्या गावाने त्यांना आपला मानले नव्हते, त्याच गावचा हा मान. १९५६ मध्ये ‘माझी संसारयात्रा’ हे आत्मचरित्र आले. ज्या महाराजांनी त्यांना घडविले आणि ज्यांच्याशी त्यांचे सारेच सूर जुळले नाहीत, त्या सयाजीरावांच्या सहवासावरही त्यांनी पुस्तक लिहिले. १९५७ मध्ये भारत सरकारने पद्मभूषण दिले. १९५८ च्या मे महिन्यात जदुनाथ गेले. पुढल्या वर्षी, २९ नोव्हेंबर १९५९ रोजी, कामशेत येथे वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी सरदेसायांनी देह ठेवला.

मध्यंतरी रियासतीचे खंड दुर्मिळ झाले. जुन्या ग्रंथालयांत एखादा संच असे, त्यातले दोन-तीन भाग हरवलेले, उरलेल्यांची पाने पिवळी पडून तुटू लागलेली. मग स. मा. गर्गे यांच्या संपादनाखाली १९८८ पासून मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने आठही खंडांची नवी आवृत्ती काढली. दरम्यान उजेडात आलेल्या संशोधनाची दखल तिच्या टीपांत घेतली आहे. म्हणजे रियासतकारांनी स्वतःच्या हयातीत जे चालविले होते, तेच काम त्यांच्या पश्चात दुसऱ्या हाताने पुढे नेले. खंड जाडजूड आहेत, आणि पहिल्यापासून वाचावयास बसल्यास दमछाक होते. पानिपतापासून किंवा थोरल्या माधवरावापासून सुरुवात केलेली बरी.